खुल्या कारागृहातल्या बंद्यांसोबत काम करताना: पहिल्या भेटीपासून सुटकेनंतरच्या आठवड्यांपर्यंत

खुल्या कारागृहात, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या निवडक बंद्यांना कमी बंदोबस्तात ठेवून कामाला पाठवणाऱ्या कारागृहात, काम करायला आलेल्या नव्या कार्यकर्त्याला पहिले काही दिवस कळतच नाही की इथे करायचं काय. मध्यवर्ती कारागृहात प्रश्न ढळढळीत असतात: वकील नाही, जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, घरचं कुणी मुलाखतीला येत नाही. इथे सकाळी माणसं शेतावर, गोठ्यात, कामावर निघतात, संध्याकाळी परततात, गिनती होते, जेवणं होतात. सगळं सुरळीत दिसतं. मग नवखा कार्यकर्ता मूल्यशिक्षणाचं सत्र ठेवतो आणि समोर बसलेली मंडळी मान डोलावत राहतात. दहा-बारा वर्षं आत काढलेल्या माणसाने प्रवचनं भरपूर ऐकलेली असतात, आणि मान कुठे डोलवायची हेही त्याला पक्कं ठाऊक असतं.

इथलं खरं काम चार कागदांवर चालतं: मजुरीचा हिशोब, रजेचा अर्ज, ओळखीचे पुरावे आणि सुटल्यावर जिथे जायचं त्या घराचा पत्ता. समुपदेशन, मन वळवणं, राग आवरायला शिकवणं हे सगळं या कागदांच्या निमित्ताने होतं. वेगळा तास काढून ते क्वचितच साधतं. हा लेख समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आणि खुल्या कारागृहात नव्याने बदलून आलेले कर्मचारी यांच्यासाठी आहे.

आधी जागा ओळखा

खुल्या कारागृहाची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ठाण्याच्या कारागृहातल्या निवडक बंद्यांना खुल्यावर ठेवण्याचा प्रयोग मुंबई इलाख्यात १९०५ मध्ये झाला आणि पाचेक वर्षांत गुंडाळलाही गेला. पुढे १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कल्पना पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची आणि पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं. शिक्षा झालेली माणसं तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागली. ती वसाहत आज सांगली जिल्ह्यात आहे. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात तिथले नेते संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये चकिया येथे, चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामासाठी बंद्यांचं शिबिर उभं राहिलं. हेच संपूर्णानंद नंतर राजस्थानचे राज्यपाल झाले, आणि जयपूरच्या सांगानेरमधल्या खुल्या शिबिराला त्यांचंच नाव आहे.

इतिहास सांगायचं कारण एवढंच की या सगळ्यांना आपण 'खुलं कारागृह' म्हणत असलो तरी आतला कारभार एकसारखा नाही. पैठण, येरवडा, मोर्शी इथे बंदी एकत्र राहतात आणि मुख्यतः कारागृहाच्याच जमिनीवर राबतात. जेवणखाण सरकारचं असतं. स्वतंत्रपूरला कुटुंब सोबत असतं. सांगानेरला तर बंदी कुटुंबासह राहतो, बाहेर शहरात स्वतः काम शोधतो, स्वतःच्या कमाईवर घर चालवतो आणि ठरलेल्या वेळी हजेरीला परततो. तिथली शिस्त बऱ्याच अंशी बंद्यांची पंचायत सांभाळते. तुमच्या ठिकाणी यातलं काय लागू आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शेतावरच्या बंद्याला उद्याच्या मालकाशी कसं बोलायचं हे शिकवून उपयोग नाही, आणि रोज बाहेर जाणाऱ्याला ते न शिकवणं धोक्याचं आहे.

दोन नियमावल्या छापून पिशवीत ठेवा: महाराष्ट्र खुले कारागृह नियम, १९७१ आणि फर्लो व पॅरोलचे, म्हणजे काही दिवस घरी जायच्या रजांचे, नियम. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात, तेव्हा कार्यालयातून ताजी प्रत मागून घ्या. राजस्थानात काम करणाऱ्यांसाठी तिथले १९७२ चे नियम आहेत. बंद्यांना हे नियम तोंडपाठ असतात, पण बहुधा जुने आणि ऐकीव. "चौदा वर्षं झाली की सोडतातच" हा त्यातला सगळ्यात पक्का गैरसमज. फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय माफीवर, म्हणजे शिक्षेत मिळणाऱ्या सवलतीवर, सुटका होऊ शकत नाही, एवढंच कायदा म्हणतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४३३अ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४७५ आहे. चौदा हा किमान आकडा झाला. त्यानंतर सोडायचं की नाही, किती वर्षांनी, हे सरकार गुन्ह्याच्या वर्गवारीनुसार ठरवतं. हे पहिल्या महिन्यातच स्पष्ट सांगून टाका. खोट्या तारखेवर आशा लावून बसलेला माणूस ती तारीख टळली की कोसळतो, आणि खुल्या जागेत कोसळलेल्या माणसासमोर रस्ता मोकळाच असतो.

परवानगीचं एक. अधीक्षक चांगले आहेत म्हणून तोंडी संमतीवर काम सुरू करू नका. संस्थेच्या नावे लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत फाटकावर द्या. साहेबांची बदली झाली की तोंडी शब्दही त्यांच्याबरोबर जातो.

समोर कोण आहे?

खुल्या कारागृहासाठी निवड होते ती आतल्या वर्तणुकीवर, तब्येतीवर आणि भोगलेल्या शिक्षेवर. सराईत गुन्हेगार, दरोड्यातले किंवा पळून जाण्याचा इतिहास असलेले सहसा बाजूला पडतात. म्हणून बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल असं चित्र दिसतं: वारंवार चोऱ्या करणारा बंद बराकीत आणि खुनातला जन्मठेपवाला मोकळ्या शेतावर. त्यात तथ्य आहे. बांधाच्या भांडणात किंवा घरगुती वादात एकदाच हात उचललेल्या माणसाचा तो आयुष्यातला पहिला आणि शेवटचा गुन्हा असण्याची शक्यता मोठी असते. मात्र ही शक्यता आहे, हमी नव्हे. एखाद्याला दारू प्यायल्यावरच राग येत असेल तर आतली दहा वर्षांची चांगली वर्तणूक दारू न मिळाल्याची असू शकते. त्याची परीक्षा पहिल्या रजेत होते.

पहिली भेट

'अरे-तुरे' नको. कर्मचारी करत असले तरी तुम्ही करू नका. वयाने मोठ्याला काका, बरोबरीच्याला दादा किंवा नावापुढे राव, आणि सगळ्यांना तुम्ही. ते तुम्हाला मॅडम, सर, ताई म्हणतील. त्यातलं जे जमेल ते ठेवा, पण 'ताई' म्हणवून घेतलंत तर भाऊबीजेला ओवाळणी येईल, आणि ती नाकारायची तयारी आत्तापासून ठेवा.

गुन्ह्याबद्दल पहिल्या भेटीत विचारू नका. तो कागदावर आहेच. त्याऐवजी हे विचारा: घरी कोण कोण आहे, शेवटचं पत्र किंवा फोन कधी, गेली रजा कधी आणि कशी गेली, आत येण्यापूर्वी काय काम करत होता, आत काय शिकला, झोप कशी लागते. रजेचा प्रश्न सर्वांत बोलका. "गेलोच नाही रजेवर" असं उत्तर आलं तर थांबा. जामीनदार मिळाला नाही, गावातल्या पोलिसांचा अहवाल विरोधात गेला, की घरच्यांनीच येऊ नको म्हटलं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आणि तुमच्याजवळ काय गुप्त राहील, काय राहणार नाही, हे तिथेच सांगा. स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका आणि पळून जायचा बेत, या तीन गोष्टी कानावर आल्या तर मी अधिकाऱ्यांना सांगणार. हे वाक्य ऐकून काही जण गप्प होतात. होऊ देत. नंतर विश्वासघात झाला असं वाटण्यापेक्षा ते बरं.

त्याच आठवड्यात शिपाई आणि हवालदारांशीही बसून घ्या. कोण रात्री जागाच असतो, कोणाला फोन आल्यावर जेवण जात नाही, कोण उसने पैसे देऊन इतरांना मिंधं करतो, हे त्यांना माहीत असतं. संस्थेची माणसं थेट अधीक्षकांकडे जातात आणि फाटकावरच्या माणसाला ओलांडून पुढे निघतात. मग कधी बंदी शेतावर असल्याचं कळतं, कधी रजिस्टर सापडत नाही. नाइलाज असतो त्यांचाही: तुम्ही गेल्यावर काही घडलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.

कागद: इथून सुरुवात करा

आधार क्रमांकाचं वाटप सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून सुरू झालं. त्याआधी आत गेलेल्या आणि मधल्या रजांमध्ये कुणी आठवण न केलेल्या माणसाकडे आधार नसू शकतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटा गेल्या तेव्हा तो आत होता. मोबाइलवरून पैसे पाठवणं त्याने फक्त दुसऱ्याला करताना पाहिलंय. शिधापत्रिकेतून नाव कमी झालेलं असतं, वाहन परवान्याची मुदत संपलेली असते, बँकेचं खातं निष्क्रिय झालेलं असतं, सातबाऱ्यावर भावाचं नाव चढलेलं असतं. मतदार यादीचीही चौकशी करून ठेवा. तुरुंगात असेपर्यंत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) मुळे मत देता येत नाही, पण सुटल्यावर येतं.

प्रत्येकासाठी एक पान करा. डावीकडे कागदाचं नाव, उजवीकडे आहे, नाही किंवा अर्ज केला. नाव आणि जन्मतारीख न्यायालयाच्या निकालपत्रात, शाळेच्या दाखल्यात आणि आधारवर वेगवेगळी असणार हे गृहीत धरा. आधी शाळा सोडल्याचा दाखला मिळवा, त्यावरून बाकीचं दुरुस्त होतं. शाळा गावातली असेल तर घरच्या माणसाला अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे पाठवा. तिथे टपालापेक्षा चालता माणूस लवकर पोचतो. आधार नोंदणीसाठी कारागृहातच शिबिर लावता येतं का ते अधीक्षकांना विचारा. बंदोबस्तात एकेकाला केंद्रावर नेण्यापेक्षा त्यांनाही ते सोपं जातं. जमिनीचा किंवा वारसाचा वाद दिसला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्या. कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत विधी सेवेचा हक्क आहे आणि मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

हे काम कंटाळवाणं आहे, पण याच कंटाळवाण्या कामातून विश्वास बसतो. दाखला हातात पडला की माणूस आपणहून बोलायला लागतो.

काम आणि मालक

जिथे बंदी बाहेर कामाला जातो तिथे तीन पक्ष असतात: बंदी, मालक आणि कारागृह. तिघांनी एका टेबलाशी बसून काही गोष्टी ठरवल्याशिवाय पहिला दिवस उजाडू देऊ नका. मालकाला काय सांगायचं याबद्दल मतं वेगळी आहेत. माझं मत असं: शिक्षा भोगत असलेला माणूस आहे आणि कारागृहातून येतो हे मालकाला माहीत असायलाच हवं. गुन्ह्याचा तपशील त्याला हवा असेल तर तो बंद्याने स्वतःच्या तोंडाने, दोन वाक्यांत सांगावा. त्याची आधी तालीम करून घ्या. बहुतेक जण एक तर सगळं नाकारतात, नाहीतर अर्धा तास खटल्याची कथा लावतात. "माझ्या हातून भावकीच्या भांडणात खून झाला. बारा वर्षं झाली, आता मी सुतारकाम करतो." इथे थांबायचं.

मालकाकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: कामाचे तास, सुट्टीचा दिवस, मजुरीचा दर आणि ती कुठे जमा होणार, बंदी आला नाही तर कुणाला आणि किती वेळात कळवायचं, जादा काम असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण बहुतेक भानगडी तिथेच होतात. मालक म्हणतो, "तासभर थांब, ट्रक भरून दे." बंद्याला नाही म्हणता येत नाही, संध्याकाळची हजेरी चुकते आणि नोंद होते ती त्याच्या नावावर. मालकाला हे नीट समजावून सांगा: तुमचा एक तास म्हणजे याच्या माफीचे दिवस.

मजुरी बाजारभावापेक्षा कमी असेल तर विरोध करा. "जेलचा माणूस आहे, कमीत येईल" हे बोलणं मालकाच्या तोंडी येतंच. बंदीही मान्य करतो, कारण आतल्या मजुरीच्या मानाने ते जास्तच असतं. पण सुटल्यावरही त्याची किंमत तीच राहते.

शेतावरच्या बंद्यांसाठी मालक नसतो, तरी कामाची ओळख तयार करता येते. गोठा सांभाळणारा, ठिबक बसवणारा, ट्रॅक्टर चालवणारा, रोपवाटिकेत कलमं बांधणारा, ही सगळी बाहेर विकली जाणारी कौशल्यं आहेत. कृषी विज्ञान केंद्र किंवा आयटीआयकडून लहान प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळतं का पाहा. प्रमाणपत्रावर कारागृहाचा पत्ता येणार नाही, एवढं आधी बोलून घ्या.

पैसा

मजुरी हातात पडायला लागली की जुनी देणी जागी होतात: वकिलाची फी, बहिणीच्या लग्नाचं कर्ज, मुलाची शाळा. दर महिन्याला बंद्याबरोबर बसून त्याच्याच हस्ताक्षरात हिशोब लिहा. लिहिता येत नसेल तर आकड्यांपासून सुरुवात करा. घरी किती, स्वतःला किती, शिल्लक किती, देणं किती. सल्ला देऊ नका, प्रश्न विचारा. "मागच्या महिन्यात घरी सगळेच पाठवले, मग चपला कशा घेतल्या?" या प्रश्नातून आतली उसनवारी बाहेर येते. उसनवारी म्हणजे उद्याचं भांडण, आणि खुल्या कारागृहातल्या भांडणाची किंमत म्हणजे बंद कारागृहात परत पाठवणी.

महाराष्ट्रात बंद्यांसाठी कर्जाचीही सोय झाली आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यातून 'जिव्हाळा' योजना सुरू केली. तीत ५० हजार रुपयांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, आतल्या मजुरीच्या आधारावर कर्ज मिळतं. मुलांचं शिक्षण, घरचं आजारपण, वकिलाची फी अशा कारणांसाठी ते उपयोगी आहे. अर्ज भरताना दोन गोष्टी तपासा. हप्ता मजुरीतून वजा झाल्यावर हातात किती उरतं, आणि पैसे खरोखर कुणाच्या हातात पडणार. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरसाठी काढलेलं कर्ज फेडत बसलेला बंदी घरी जाऊन शांत राहील अशी अपेक्षा करू नये.

रजा

माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा रजा. सुटकेनंतर जे होणार आहे ते रजेत छोट्या प्रमाणात आधीच होऊन जातं, म्हणून रजेची तयारी आणि रजेनंतरचं बोलणं यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

फरक आधी समजावून सांगा. संचित रजा, म्हणजे फर्लो, वर्तणुकीवर मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, घरात मृत्यू, आजारपण, लग्न अशा कारणाने मिळते आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. काही बंदी मिळेल तेवढी अभिवचन रजा घेत राहतात आणि सुटकेची तारीख पुढे का सरकते हे त्यांना समजत नाही.

अर्जाबरोबरच गावाकडचं काम सुरू करा. पोलिसांचा अहवाल अनेकदा "गावात तणाव निर्माण होईल" एवढ्या एका वाक्यावर नकारात्मक येतो. तो येण्याआधी जामीनदार कोण, बंदी कोणाकडे राहणार, फिर्यादीचं घर किती अंतरावर आहे, गेल्या रजेत काही तक्रार झाली होती का, हे लेखी मांडून द्या. फिर्यादीचं कुटुंब त्याच गल्लीत असेल तर रजा दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मामाकडे काढता येईल का, ते बघा. मृताच्या घरचेही माणसंच आहेत. ज्याने आपला मुलगा मारला तो सणाला गावात फिरताना दिसला तर त्यांना काय वाटेल, हा प्रश्न बंद्याला सरळ विचारा. उत्तर काय येतं यापेक्षा तो किती वेळ घेतो हे पाहा.

निघायच्या आठवड्यात बसून दिवसांचा आराखडा लिहा. पहिल्या रात्री कोण भेटायला येणार? बाटली घेऊन येणारा मित्र कोण? त्याला काय सांगणार? शब्दशः सांगा म्हणा. "नाही म्हणेन" हे उत्तर पुरेसं नाही. "हजेरीला जायचंय सकाळी पोलीस ठाण्यात, वास आला तर रजा जाईल" हे पुरतं, कारण त्यात मित्राचाही मान मोडावा लागत नाही. बायकोशी, मुलांशी काय बोलायचं हेही बोलून घ्या. दहा वर्षांनी घरी आलेला बाप पहिल्याच दिवशी मुलाला "मोबाइल ठेव" म्हणून ओरडतो आणि मुलगा म्हणतो, "तुम्ही कोण सांगणारे?" हे वाक्य ऐकायची तयारी असली की हात उचलला जात नाही.

परतीचा प्रवास कागदावर हवा. एस.टी. कुठून, किती वाजता, ती चुकली तर पुढची कुठली, तिकिटाचे पैसे वेगळे कुणाजवळ ठेवले. आणि ठळक अक्षरात: उशीर होणार असं दिसताच कारागृहात आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं. एक दिवस उशिरा आलेला आणि भीतीने महिनाभर लपलेला, दोघांची सुरुवात बहुधा एकाच चुकलेल्या गाडीपासून होते. उशिराला माफी कापली जाते, जामीनदार अडचणीत येतो, पुढची रजा अवघड होते, आणि आलाच नाही तर वेगळा गुन्हा नोंदवला जातो. आपण फोन केला तर शिक्षा कमी होते हे त्याला पटलेलं असेल, तरच तो फोन करतो. म्हणून कळवून उशिरा आलेल्याला आणि न कळवता आलेल्याला एकाच मापाने मोजू नये, असा आग्रह अधिकाऱ्यांजवळ धरा.

परतल्यावर दोन दिवसांत भेटा. "कशी झाली रजा?" असं विचारू नका, "चांगली" असं उत्तर येईल. "कुठल्या दिवशी लवकर परत यावंसं वाटलं?" असं विचारा.

नियम मोडला तर

दारू, लपवलेला मोबाइल, हजेरीला उशीर, नेमलेल्या हद्दीबाहेर जाणं, नेहमीची प्रकरणं एवढीच असतात. तुमच्यासमोर आलं तर त्याच दिवशी, बंद्याला सांगून, लेखी कळवा. सोडून दिलंत तर पुढच्या वेळी तो तुमच्यावर दबाव आणेल, आणि मुद्दाम आणेल असंही नाही, सवयीने आणेल. पण अहवालात घडलं तेवढंच लिहा. "बेजबाबदार वृत्तीचा आहे" हे तुमचं मत झालं. "सायंकाळी साडेसहाऐवजी पावणेआठला आला, कळवलं नव्हतं, वास नव्हता" ही नोंद झाली. असं एखादं मत पुढे हिस्ट्री तिकिटात, म्हणजे बंद्याच्या कारागृहातल्या नोंदपत्रकात, जाऊन बसतं आणि सुटकेच्या प्रस्तावाच्या वेळी वर येतं.

बंद कारागृहात परत पाठवण्याची धमकी तुम्ही कधीही देऊ नका. तो अधिकार तुमचा नाही, हे त्यालाही माहीत असतं.

तुमच्या स्वतःच्या मर्यादा

"ताई, एवढं पत्र पेटीत टाका ना." नाही. "सर, बायकोच्या नंबरवर एक मेसेज फक्त." नाही. पत्राला, फोनला ठरलेला रस्ता आहे, तो लांबचा असला तरी. पैसे, तंबाखू, औषधं, सिमकार्ड, खाऊ, यातलं काहीही आत किंवा बाहेर नेऊ नका. स्वतःचा घरचा पत्ता देऊ नका. संस्थेचा क्रमांक द्या. एकट्या बंद्याला भेटताना दिसेल अशा जागी बसा, ऐकू जाईल अशा जागी नको.

कोण तुम्हाला वापरून घेतंय याची भीती बाळगत बसायचं कारण नाही. आतल्या जगात प्रत्येक जण प्रत्येकाला थोडं वापरतो, कारण मागून मिळत नाही. उत्तर सारखं असलं की प्रयत्न थांबतात. अडचण होते ती आज नाही आणि उद्या हो म्हणणाऱ्याची.

मनाच्या तक्रारी इथे वेगळ्या रूपात येतात. आयुष्याची दहा वर्षं बराकीच्या दिव्याखाली झोपलेल्याला अंधारात झोप लागत नाही. मोकळ्या माळावर काहींना धडधडतं. निर्णय घ्यायची सवयच गेलेली असते. दुकानात तीन प्रकारचे साबण दिसले तर माणूस न घेता परत येतो. हे आजार नव्हेत, पण जेवण सुटलं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, "आता काय राहिलंय" असं वारंवार म्हणू लागला, तर त्याच दिवशी कारागृहाच्या डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांनाही देऊन ठेवा.

सुटकेआधीचे सहा महिने आणि नंतर

सुटकेचा आदेश कधी अचानक येतो, म्हणून तारखेची वाट न पाहता कामाला लागा. घरी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. झोपायची जागा कुठे आहे, स्वयंपाक कोण करतं, धाकट्या भावाच्या बायकोचा चेहरा कसा आहे, हे फोनवर कळत नाही. कुणीच नसेल तर जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना आणि परिविक्षा व अनुरक्षण संघटनेला आधीच पत्र द्या. सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे आहे. मुंबई-ठाणे भागात टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे.

सुटकेच्या दिवशी हातात हवं ते असं: सुटकेचं प्रमाणपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स, आधार, पासबुक, चालू औषधांची चिठ्ठी, प्रवासाचे पैसे, आणि मोठ्या अक्षरात लिहिलेले तीन फोन क्रमांक. पत्ता बदलणार असेल किंवा सुटका अटींवर असेल तर कोणत्या पोलीस ठाण्यात, कधीपर्यंत हजर व्हायचं तेही त्याच कागदावर.

नंतरचे पहिले तीन महिने आठवड्याला एक फोन करा, तुमच्याकडून, ठरलेल्या वारी. चार प्रश्न पुरतात: झोप लागते का, कामावर गेलात का, घरात कुणाशी बोलणं बंद आहे का, आणि हातात किती पैसे आहेत. पहिल्या तिन्हींना "ठीक आहे" म्हणून चौथ्याला टोलवलं, तर पुढच्या फोनची वाट न पाहता त्याच आठवड्यात भेटायला जा.